बाळूला कोणी विचारलं का?

मागच्या रविवारी आमच्या इंदौरच्या फॅमिली ग्रुपवर कोणीतरी बातमी टाकली की डाउन सिंड्रोमवाल्यांची (जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असलेल्यांची, आमच्या बाळूसारख्यांची) बुद्धी वाढवणारं औषध निघालंय, झालं, संध्याकाळपर्यंत मेसेजचा पूर. रामबागचे काका म्हणे देवाघरचं फूल आहे ते, हात लावू नका, अक्कल आली की दुःखच होणार. चुलतभाऊ म्हणे खर्च बोला, मी टाकतो. आणि मी स्वित्झर्लंडला राहते म्हणून सगळे मलाच टॅग करतायत, जसं काही माझ्या बिल्डिंगखाली त्याची टपरी आहे.

बातमी 2022 ची आहे हो. मी राहते त्या बाझेलहून ट्रेनने दोन-सव्वादोन तासांवर लोझान, तिथला प्रयोग. 7 पुरुष, दंडाला पंप, दर दोन तासांनी एका हार्मोनचा छोटासा डोस, असं 6 महिने. 7 पैकी 6 जण टेस्टमध्ये पुढे सरकले, पण तुलनेला नुसतं पाणी दिलेला गट नव्हता, म्हणजे पंपाने फरक पडला की सहा महिने एवढे लोक कौतुकाने विचारपूस करत होते म्हणून, हे त्यावरून कळत नाही. त्याआधी आमच्या बाझेलच्याच रोश कंपनीचं एक औषध ट्रायलपर्यंत गेलं, फायदा दिसेना म्हणून 2016 मध्ये बंद.

आता बाळू. माझा मावसभाऊ, 36 वर्षांचा. सकाळी गल्लीच्या तोंडाशी पोह्यांच्या ठेल्यावर असतो, पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरायचं काम त्याचं, दोन चिमटी, भिया और डालो म्हटलं तरी दोनच. नोटा रंगावरून ओळखतो, पण 200 ची पिवळी आणि नवी 20 ची पण पिवळसरच, त्यात गडबड होते (माझी पण होते, सुट्टीवर आले की).

आणि त्याची बुद्धी एकदा वाढवून झालीये, हे ग्रुपवर कोणालाच आठवेना! 27 वर्षांचा होईपर्यंत कोणी त्याचे कान तपासले नव्हते. कानात पाणी साठणं, कमी ऐकू येणं, थायरॉइड मंद असणं हे डाउनमध्ये नेहमीचं आहे, पण शाळेपासून सगळे म्हणायचे मंदच आहे तो. कानाचं मशीन लागलं, थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि वर्षभरात पठ्ठ्या आरतीत आमच्या चुका काढायला लागला. तेव्हा कोणी चर्चा केली नाही की हे नैतिक आहे का वगैरे.

पण काकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. ठेल्यावरची पोरं त्याला काय म्हणतात ते त्याला मशीनमुळे पहिल्यांदा नीट ऐकू आलं. चार दिवस गेला नाही. मावशी म्हणाली, अगं काढूनच टाकू ते. पाचव्या दिवशी आपणहून गेला, मशीन लावून, फक्त आता जलेबीच्या कढईकडे बसतो, त्या पोरांकडे पाठ करून.

म्हणून मला "सुखी आहे तो" हे पटत नाही, ते आपल्या सोयीचं आहे. माझी भीती वेगळीच आहे, सहा महिन्यांनी पंप काढला आणि मिळालेलं परत गेलं तर ते त्याला कळेल, आणि ते सांगायला शब्द असतील का त्याच्याकडे? इथे ट्रामस्टॉपच्या कॅफेत एक मुलगी आहे बाळूसारखी, तिने चुकीची कॉफी आणली की सगळे गुपचूप पितात, कोणी भांडत नाही, कोणी नावानेही हाक मारत नाही. म्हणून इथलं फार कौतुक नको. पण 2013 पासून इथे कायदा असा की अशा मोठ्या माणसाचं पालकत्व, म्हणजे त्याच्या वतीने ठरवायचा हक्क, माणूस बघून ठरतं, पैशांपुरतं हवं तर पैशांपुरतं, बाकीचं त्याचं त्याला विचारायचं. आपल्याकडे दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यातही मर्यादित पालकत्व आहे की, पण मावशीकडे पालकत्वाचा कागद आहे म्हणजे सही मावशीची, संपलं.

तर मी काल व्हिडिओ कॉल करून त्यालाच विचारलं. म्हणाला, दुखतं? मी म्हटलं, सुई असते रे. तो विचार करत होता, तेवढ्यात मागून काका सुरू झाले, अरे त्याला काय कळतंय, देवाघरचं... बाळूने शांतपणे मशीन काढलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि मला म्हणाला, तू बोल.