दवाखाना काढताय? मग माणसं अशी ठेवा

स्वतःचा दवाखाना काढताय? अभिनंदन! यंत्रं, सोफा, बाहेरची झगमगती पाटी, सगळ्यावर मनसोक्त खर्च करा. राहता राहिली माणसं. ती स्वस्तात निभतात. काउंटरमागे सात वर्षं उभी आहे, म्हणून हक्काने सांगते.

नेमणूक एकाच कामासाठी करायची. फोन घ्यायचे, नावं लिहायची, बस्स. मग आठवड्याभराने 'जरा' हा शब्द काढायचा. जरा बीपी बघ. जरा औषधांचा हिशोब लाव. जरा ड्रेसिंगचा ट्रे आवर. मावशी आल्या नाहीत, जरा लादी पुसून घे. एका पगारात चार माणसं होतात. नेमणुकीचं पत्र मात्र चुकूनही देऊ नका, नाहीतर काय ठरलं होतं ते कुणीतरी काढून दाखवेल.

येण्याची वेळ घड्याळाने ठरवा, जाण्याची शेवटच्या पेशंटने.

खुर्ची देऊ नका. बसलेली बाई काम करतेय असं वाटत नाही.

तुम्ही दीड तास उशिरा आलात तर त्या दीड तासाच्या शिव्या काउंटरने खायच्या. आल्यावर त्याच पेशंटसमोर काउंटरलाच झापायचं, "यांना फोन करून कळवता येत नव्हतं?" पेशंट खूश, तुमचं नाव मोठं. (फोन तुम्हीच उचलला नव्हतात, हा तपशील महत्त्वाचा नाही.)

पगारवाढ मागितली की म्हणायचं, "आपण सगळे घरचेच आहोत."

आता सुयांकडे वळू. इंजेक्शन देऊन झालं की सुई टोपण लावून, किंवा न लावताच, ट्रेमध्ये कापसाखाली सरकवायची. तुम्हाला पुढचा पेशंट बघायचा असतो, सुई काय, कुणीतरी उचलतंच. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालू नये आणि ती हातातून थेट जाड, न भोसकणाऱ्या डब्यात जावी, हे पुस्तकात असतं. तो डबा पाऊण भरला की बंद करून टाकायचा, हेही. आमचा डबा कधीच भरत नाही. तपासणीला कुणी आलं तर दिसावा म्हणून तो कपाटावर कोराकरकरीत ठेवलाय. सुया काळ्या पिशवीत, कापूस आणि चहाच्या कपांबरोबर. सोमवारी मावशी नव्हत्या, म्हणून ती पिशवी 'जरा' मी बांधायला घेतली. सुई हातमोज्यातून आरपार बोटात गेली. हातमोजा कसला, तोही साबणाने धुऊन तिसऱ्यांदा घातलेला.

अशा वेळी काय करायचं तेही शिकून घ्या. मान वर न करता म्हणायचं, "दाबून रक्त काढ, काही होत नाही." पेशंटला असं सांगाल का हो? जखम पिळायची नसते, साबण-पाण्याने धुवायची असते, हे मला माहीत आहे आणि तुम्हाला नाही? हिपॅटायटिस बीच्या पेशंटची सुई असेल आणि लस झालेली नसेल, तर शंभरातल्या सहा ते तीस जणांना लागण होते. एचआयव्हीची शक्यता खूप कमी, हजारात तीन. पण औषधं पहिल्या काही तासांत, फार तर 72 तासांत सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. मंगळवारी मी मोठ्या रुग्णालयात गेले, स्वतःच्या पैशाने. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "सुई कोणाची होती?" काय सांगणार! सोमवारच्या रजिस्टरात इंजेक्शनची अकरा नावं आहेत, माझ्याच अक्षरात. त्यांना फोन करून तपासणीला बोलवू या म्हटलं, तर उत्तर आलं, "पेशंट घाबरतील."

आणि त्या अर्ध्या दिवसाचा पगार कापला.

लाज वाटायला हवी, डॉक्टर. तुमच्या भिंतीवर लसीकरणाचं पोस्टर आहे, ते रोज पुसणाऱ्या मावशींना बारा वर्षांत हिपॅटायटिस बीचा एक डोस दिलेला नाही तुम्ही. तीन डोस असतात, सहा महिन्यांत पुरे होतात. स्वतःचे तिन्ही घेतलेत ना? तुमची त्वचा वेगळी आणि आमची वेगळी, असं कुठल्या वर्षाला शिकवलं तुम्हाला? घरचे म्हणता आणि घरच्यांना उघड्या सुयांत हात घालायला लावता!

त्या अकरा जणांना मी आज रात्री फोन करणार आहे. नोकरी गेली तर जाऊ दे. मावशी उद्या सकाळी कामावर येतायत, आल्या आल्या पिशवीच उचलतील. त्या यायच्या आत कपाटावरचा तो डबा खाली काढा.