दुसऱ्या दिवसाचं रिझर्वेशन

आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर गेले चार दिवस एकच विषय चाललाय. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डने काढलं तसं आमच्या कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधूनही पार्क रिझर्वेशन, म्हणजे ठरावीक दिवसाची आगाऊ नोंदणी, जाणार का? कुणी म्हणतंय सत्तराव्या वाढदिवसाची धामधूम संपली की काढतील, कुणी म्हणतंय नवीन वर्षापासून, कुणी पैज लावून सांगतंय की कधीच काढणार नाहीत. हे सगळे आपापले अंदाज, माझाही त्यातलाच एक. पण माझे आईबाबा सध्या आमच्याकडे आहेत आणि गेल्याच मंगळवारी आम्ही जाऊन आलो, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

भारतातल्या मित्रमैत्रिणींसाठी आधी थोडं सांगते. डिस्नेलँडला तिकीट आणि रिझर्वेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकीट म्हणजे पैसे भरले. रिझर्वेशन म्हणजे अमुक तारखेला, अमुक पार्कात तुमची जागा धरली. लॉस एंजेलिसजवळच्या ॲनाहाइमला शेजारी शेजारी दोन पार्क आहेत, १९५५ सालचं मूळ डिस्नेलँड आणि २००१ साली उघडलेलं कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर. सकाळी कुठल्या पार्कात शिरणार हे आधीच सांगावं लागतं. दोन्हीकडे चालणारं महागाचं तिकीट घेतलंत तरी २०२५ मध्ये सकाळी अकरा वाजेपर्यंत पार्क बदलता येत नव्हतं.

ही पद्धत आली कोविडमुळे. मार्च २०२० मध्ये पार्क बंद झालं ते थेट ३० एप्रिल २०२१ ला उघडलं. तेरा महिने. उघडल्यावर ठरावीक संख्येनेच लोक आत सोडायचे होते, त्यामुळे रिझर्वेशन हवंच होतं आणि तेव्हा कुणाची हरकतही नव्हती. मास्क गेले, सहा फुटांच्या खुणा पुसल्या गेल्या, रिझर्वेशन मात्र राहिलं. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डने ९ जानेवारी २०२४ पासून तारखेच्या तिकिटांना रिझर्वेशनची अट काढली. तिथल्या वार्षिक पासवाल्यांनाही ‘गुड टू गो’ म्हणून काही दिवस मोकळे ठेवलेले असतात, त्या दिवशी थेट गेटवर जायचं. आम्ही कॅलिफोर्नियावाले तेव्हापासून वाट बघतोय.

तर मंगळवार. बाबा ७२ वर्षांचे आहेत. भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून नोकरीला लागले तेव्हा वाफेची इंजिनं धावत होती. उजव्या गुडघ्याचं दुखणं आहे, आणि ते कुठल्या दिवशी डोकं वर काढेल ते सांगता येत नाही. मुलांना राइड्सची ओढ, आईला परेडची. बाबांना काय दाखवायचं हा प्रश्नच होता. म्हणून गेटातून आत गेल्यावर समोरच जे मेन स्ट्रीटचं स्टेशन आहे, तिथल्या बाकावर त्यांना बसवलं आणि मी पाणी आणायला गेले. परत येते तर बाबा बाकावर नाहीत. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, इंजिनाजवळ, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे.

डिस्नेलँडची आगगाडी खरोखरच्या वाफेवर चालते. तीन फुटी गेज, माथेरानच्या दोन फुटीपेक्षा जरा रुंद. त्या दिवशी लागलेल्या इंजिनाचं नाव फ्रेड गर्ली. १८९४ साली बाल्डविन कंपनीने बांधलेलं, आणि इथे यायच्या आधी लुइझियानात उसाच्या गाड्या ओढायचं. मी फोनवर वाचून हे सांगितलं तर बाबा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “ऊस? म्हणजे आपल्या कारखान्यांच्या गाड्यांसारखं?” मग पुन्हा इंजिनाकडे. क्रॉसहेडच्या (पिस्टनचा दांडा जिथे जोडलेला असतो त्या सरकत्या भागाच्या) घासलेल्या पितळेवर त्यांची नजर खिळलेली. इंजिन चालवणाऱ्या मुलीने ते पाहिलं आणि काही विचारायचंय का म्हणाली. बाबांचं इंग्रजी बेताचं, पण प्रेशर, व्हॉल्व्ह, इंजेक्टर हे शब्द दोघांचेही सारखेच. बॉयलर बायोडिझेलवर तापवतात आणि ते तळणीच्या वापरलेल्या तेलापासून करतात हे कळल्यावर आईलासुद्धा त्या इंजिनाबद्दल आपुलकी वाटायला लागली. गाडीने आम्ही तीन फेऱ्या मारल्या. एका फेरीला साधारण वीस मिनिटं, वाटेत ग्रँड कॅन्यनचा देखावा आणि डायनासोर. बाबांनी डायनासोरांकडे पाहिलंही नाही. ते डोळे मिटून एक्झॉस्टचा आवाज ऐकत होते.

रात्री घरी आल्यावर गुडघ्याला शेक देता देता म्हणाले, “उद्या परत जाऊया का गं? नुसती गाडी बघून येऊ. दुपारपर्यंत परत.”

आमचं तिकीट तीन दिवसांचं आहे. पहिल्यांदा वापरल्यापासून तेरा दिवसांत उरलेले दोन दिवस कधीही वापरता येतात. मग ‘कधीही’मध्ये उद्याही येतो ना? येतो, पण रिझर्वेशन मिळालं तर, आणि तेही मूळ डिस्नेलँडचंच मिळालं तर, कारण गाडी फक्त तिथेच आहे. मी ॲप उघडलं, जागा होती, मिनिटभरात काम झालं. माझी तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जूनमधलं इथलं नेहमीचं ढगाळ हवामान होतं, बाबांचा गुडघा सुजलेला, आणि आम्ही रिझर्वेशन रद्द केलं. तेही सहज झालं. पण ॲपवर बोट ठेवताना एक गोष्ट मनात आली ती अजून जात नाही. या माणसाने पैसे भरलेत, तो काल आत जाऊन आलाय, तेरा दिवसांच्या आत पुन्हा येणार हे कंपनीला ठाऊक आहे. सकाळी उठून “आज पाय बरा आहे, चला” म्हणण्याची मुभा त्याला का नसावी?

म्हातारी माणसं, लहान मुलं, तब्येतीने नाजूक असलेले लोक, यांचा दिवस सकाळीच ठरतो. भारतातून आलेल्या आईवडिलांना पहिला आठवडाभर तर झोपेचाच पत्ता नसतो, रात्री दोनला उठून चहा करून बसतात. त्यांना पंधरा दिवस आधी सांगायचं की तुम्ही १९ तारखेला सकाळी उत्साही असणार आहात?

दुसरी बाजू मला कळते आणि ती खोटी नाही. कोविडच्या आधी नाताळ ते नवीन वर्षाच्या दिवसांत पार्क भरलं की गेट बंद करायचे. लांबून गाडी हाकत आलेली माणसं बाहेरच अडकायची. नागपूरहून मुंबई, मुंबईहून लॉस एंजेलिस असा प्रवास करून आलेल्या कुटुंबाला “आज जागा नाही” ऐकावं लागणं भयंकर आहे. रिझर्वेशनमुळे ती खात्री मिळते. गर्दीची अडचण इथे पहिल्या दिवसापासूनच आहे म्हणा. १७ जुलै १९५५ ला उद्घाटनाला बनावट निमंत्रणं घेऊन हजारो लोक शिरले होते आणि सगळा बोजवारा उडाला होता. आईचं म्हणणं तर असं की तिरुपतीला तीनशे रुपयांच्या दर्शनाला तारीख आणि वेळ ठरवून जातोच की आपण, त्यात एवढं काय. बरोबर आहे. पण तिरुपतीला तिकीट घेतलं की वेळ त्याच तिकिटावर असते. तिकीट वेगळं आणि वेळ वेगळी मागावी लागत नाही.

आणि इथेच मला वाटतं खरी मेख आहे, जी ग्रुपवरच्या चर्चेत येत नाहीये. फ्लोरिडाने रिझर्वेशन काढलं ते का जमलं? कारण तिथे २०१८ च्या ऑक्टोबरपासून अनेक दिवसांची तिकिटंही तारखेला बांधलेली आहेत. विकत घेतानाच पहिला दिवस सांगायचा, त्यावर किंमत ठरते. रिझर्वेशन काढलं तरी कोणत्या आठवड्यात किती माणसं येणार याचा अंदाज तिकीटविक्रीतूनच मिळतो. कॅलिफोर्नियात एक दिवसाचं तिकीट तारखेप्रमाणे बदलतं (२०२५ च्या उन्हाळ्यात १०४ ते २०६ डॉलर होतं), तिथे तारीख आणि पार्क एकाच खरेदीत उरकतं. दोन ते पाच दिवसांच्या तिकिटांवर मात्र तारीखच नसते. ती तारीख कंपनीला रिझर्वेशनमधून कळते. म्हणजे रिझर्वेशन नुसतं काढलं तर किती कर्मचारी बोलवायचे, किती खाणं शिजवायचं, याचा हिशेबच चुकणार.

म्हणून माझा अंदाज असा की इथे आधी अनेक दिवसांची तिकिटं तारखेला बांधतील, त्यांच्या किमतीही गर्दीप्रमाणे बदलतील, आणि मगच रिझर्वेशन काढल्याची घोषणा होईल. त्या घोषणेने आनंदून जाण्याआधी किमतीचा तक्ता नीट बघा, असं मी ग्रुपवरही लिहिलंय.

पासवाल्यांचं प्रकरण याहून अवघड. फ्लोरिडाला मोठ्या संख्येने लोक विमानाने येतात, आठवडाभर राहतात. डिस्नेलँड चारी बाजूंनी शहराने वेढलेलं आहे, सगळं रिसॉर्ट मिळून जेमतेम ५०० एकर, आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं संध्याकाळी सहज फिरायला जावं तशी जातात. ऑफिस सुटल्यावर येऊन फटाके बघून घरी जाणारा पासवाला आणि हॉटेलात राहून दिवसभर खरेदी करणारा पर्यटक यांत कंपनीला कोण जास्त हवा हे उघड आहे. २०२२ मध्ये कंपनीच्या तिमाही निकालांतच डिस्नेलँडला येणाऱ्यांचं ‘मिश्रण’, म्हणजे कुठल्या प्रकारचे किती लोक येतात ते, प्रतिकूल असल्याचा उल्लेख होता. वर्षानुवर्षं पास घेणाऱ्या लोकांना तो फार लागला होता, आणि मला त्यांचं दुःख पटतं. त्याच्या आधी २०२१ मध्ये १,३९९ डॉलरचा ‘ड्रीम की’ पास कुठलीही तारीख बंद नसलेला म्हणून विकला होता. प्रत्यक्षात तारीख बंद नसली तरी पासवाल्यांसाठी ठेवलेली रिझर्वेशनं संपलेली असायची. त्यावर खटला झाला आणि ९५ लाख डॉलरला तडजोड झाली. आजही पासवाल्याने रिझर्वेशन करून नव्वद दिवसांत तीनदा दांडी मारली तर तीस दिवस त्याला नवं रिझर्वेशन करता येत नाही. एवढी हत्यारं हातात असताना पासवाल्यांचं रिझर्वेशन इथे पूर्ण सुटेल असं मला वाटत नाही. फार तर शांत दिवसांच्या दुपारी मोकळ्या करतील.

तारखेत अडकलेल्या तिकिटाचा एक अनुभव माझ्या गाठीला आहे. तीन वर्षांपूर्वी जुलैत भारतात गेले होते. एका वॉटर पार्कची सहा तिकिटं काढली, त्या दिवशी रेड अलर्ट, घाट बंद. फोन केला तर, “मॅडम, तारीख बदलता येत नाही.” भाच्याचा रडवेला चेहरा अजून आठवतो. रिझर्वेशन जाऊन त्याजागी घट्ट तारखेची तिकिटं आली तर माणूस आगीतून फुफाट्यात पडेल. आजचं रिझर्वेशन निदान बदलता येतं.

मला विचाराल तर मागणी एवढीच आहे. अनेक दिवसांच्या तिकिटावर पहिल्या दिवसाची तारीख हवी तर घ्या. एकदा माणूस गेटातून आत आला की पुढच्या तेरा दिवसांत उरलेले दिवस त्याला हवे तेव्हा वापरू द्या. नाताळ, थँक्सगिव्हिंग, हॅलोविनचे शनिवार-रविवार असे मोजके गर्दीचे दिवस आधीच जाहीर करून वगळा. ज्यांना खात्री हवी ते रिझर्वेशन करतील, ज्यांचा गुडघा सकाळी ठरवतो ते गेटवर येतील. परत येणाऱ्या आजीआजोबांची संख्या किती असणार? त्यांच्यामुळे पार्क बुडणार नाही.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा, विशेषतः जे फ्लोरिडाला २०२४ नंतर जाऊन आलेत त्यांनी. आईवडिलांना घेऊन गेला असाल तर त्यांचे दिवस कसे पार पडले तेही सांगा.

बाबांच्या तिकिटाचे दोन दिवस शिल्लक आहेत. आत्ता गुरुवारचं रिझर्वेशन केलंय, सकाळचं, मूळ डिस्नेलँडचं. आई आत्तापासूनच रोज दोनदा त्यांच्या गुडघ्याला तेल चोळतेय.