आठ साहेब, एक माणूस: ज्यांना मुत्सद्दी व्हायचंय त्यांच्यासाठी

तर तुम्हाला मुत्सद्दी व्हायचंय. छान. घरी सांगून ठेवा की यूपीएससी करतोय, नातेवाईक गप्प बसतात. पण खरा क्लास मनिलाचा आहे आणि त्याचं पाठ्यपुस्तक एकच, फिलिपिन्सचे मुत्सद्दी कार्लोस पी. रोमुलो, उंची साधारण पाच फूट चार इंच, तीही बूट घालून. नाव ऐकलं नसेल तर लाजू नका, आपल्याकडे फिलिपिन्स म्हटलं की एक तर एमबीबीएसची अ‍ॅडमिशन आठवते नाहीतर इमेल्डाबाईंच्या सँडल्स. त्या बाई पुढे येणारच आहेत, सहकुटुंब.

आधी जन्म नीट निवडा. देश लहान हवा आणि शक्यतो दुसऱ्याच्या ताब्यात. रोमुलो पाळण्यात होते तेव्हा, म्हणजे १८९८ च्या सुमाराला, स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केलं, देशाला कोणी विचारलं नाही. वडील बंडखोरांकडून अमेरिकन फौजेशी लढले. पोरगा मोठा झाला आणि एमए करायला गेला कुठे, तर न्यूयॉर्कला, कोलंबियात. यावर नाक मुरडायचं काम नाही, आपल्याही अर्ध्या पुढाऱ्यांनी इंग्रजांना शिव्या घातल्या त्या लंडनहून बॅरिस्टर होऊनच.

मग पत्रकार व्हा. रोमुलो १९४१ मध्ये हाँगकाँगपासून बटेव्हियापर्यंत (आजचं जकार्ता) फिरले, युद्ध येतंय असं लिहीत सुटले, आणि ते खरंच आलं, थेट यांच्याच दारात. या लिखाणाला १९४२ चं पुलित्झर मिळालं, पण तोवर मनिला जपान्यांच्या हातात, बायको आणि चार मुलं तिथेच अडकलेली, आणि हा माणूस करेगिडोर बेटावरून रेडिओवर लोकांना धीर देणारा. इथे थट्टा जरा बाजूला ठेवतो. बातान द्वीपकल्प जपान्यांच्या हाती पडायच्या आदल्या रात्री एका डागडुजी केलेल्या जुनाट विमानातून ते निसटले, घरच्यांची खबर नसताना. असल्या रात्रीवर मला विनोद सुचत नाही.

पुढचा मात्र सुचतो, कारण तो तयारच आहे. ऑक्टोबर १९४४, फिलिपिन्सचं लेटे बेट, देश जपान्यांकडून परत घ्यायला अमेरिकेचे जनरल मॅकआर्थर पाण्यातून चालत किनाऱ्यावर येतायत, सोबत रोमुलो. बातमी गेली की जनरलसाहेब कमरेएवढ्या पाण्यातून आले, आणि अमेरिकेत विनोद फिरला की मग रोमुलो बुडालेच असणार. यातून काय शिकायचं? लोक तुमच्या उंचीवर हसणार असतील तर तो विनोद तुम्हीच पुढची चाळीस वर्षं सांगत फिरा, दुसऱ्याला चान्स देऊ नका.

सह्या करायला शिका. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर रोमुलोंनी फिलिपिन्सच्या वतीने सही केली आणि देश स्वतंत्र झाला ४ जुलै १९४६ ला. म्हणजे घर नावावर व्हायच्या आधीच सोसायटीचं मेंबर. हसू नका, त्याच सनदेवर भारताच्या वतीने रामस्वामी मुदलियारांची सही आहे आणि आपल्याला तर आणखी दोन वर्षं लागली.

आता खुर्ची. १९४९ मध्ये रोमुलो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले, पहिले आशियाई. अडचण अशी की अध्यक्षाची खुर्ची उंच माणसांच्या मापाची, हे बसले की टेबलामागे गडप. मग म्हणे खाली न्यूयॉर्कच्या जाडजूड टेलिफोन डिरेक्टऱ्या ठेवल्या तेव्हा कुठे साहेब सभेला दिसले. तुम्हाला ही सोय होणार नाही, डिरेक्टऱ्या बंद झाल्यात, रद्दीवाल्याला आत्ताच सांगून ठेवा. रशियाचे मुत्सद्दी विशिन्स्की एकदा त्यांना तोंडावर म्हणाले होते की तू लहान देशाचा लहान माणूस. उत्तर आलं, असल्या लहान डेव्हिडांचं कामच आहे धटिंगण गोलिएथांच्या डोळ्यात सत्याचे खडे मारायचं (बायबलातली गोष्ट, पोरगेला डेव्हिड राक्षसी गोलिएथला गोफणीने लोळवतो). टाळ्या पडल्याच असतील. फक्त एक बारीक सूचना, खडा उचलताना समोरचा गोलिएथ नक्की कोणाचा आहे ते बघून घ्या, आपलाच मालक निघाला तर पंचाईत होते.

पंचाईत कशी होते तेही बघा. २६ नोव्हेंबर १९४७, पॅलेस्टाइनची फाळणी करायची की नाही यावर आमसभेत चर्चा, रोमुलो उभे राहिले आणि फाळणीच्या विरोधात दणदणीत बोलले, तत्त्व, नीती, लोकांचा हक्क, सगळं आलं त्यात. तीनच दिवसांनी, २९ तारखेला, मतदान झालं आणि फिलिपिन्सचं मत पडलं फाळणीच्या बाजूने. मधल्या काळात वॉशिंग्टनचा दाब मनिलापर्यंत पोचला होता आणि फिलिपिन्सचे अध्यक्ष रोहास यांनी पवित्रा बदलला. भारताने मत दिलं विरोधात, म्हणजे रोमुलोंच्या भाषणाबरहुकूम रोमुलोंचा देश वागला नाही, आपण वागलो! तर विद्यार्थ्यांनो, भाषण आणि मत हे दोन वेगळे विषय आहेत, दोन्हींचे पेपर एकाच दिवशी देऊ नका.

१९५३ साल फुटकं गेलं, लवकर उरकू. संयुक्त राष्ट्रांचं सरचिटणीसपद हवं होतं, ते हॅमरशोल्डना मिळालं. मग देशाचं राष्ट्राध्यक्षपद लढवायला गेले आणि मॅगसायसायसाठी मधेच माघार घेऊन त्यांच्याच प्रचाराला लागले. हरलेला माणूस आणि बाजूला झालेला माणूस यात फार फरक असतो, बाजूला झालेल्याची पुढे कुठेतरी सोय लागते. दोन वर्षांत हे पुन्हा वॉशिंग्टनला राजदूत.

पण १९५५ चं बांडुंग बघाच, तिथे आपले पंडितजी होते. नेहरूंचं म्हणणं, आशिया-आफ्रिकेच्या देशांनी कुणाच्या लष्करी गोटात जाणं ही नामुष्की आहे. रोमुलोंचा देश आदल्याच वर्षी मनिला कराराचा, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी गोटाचाच, यजमान! ते उठले आणि लहान देशाला जोडीदार का लागतो ते सुनावलं. गंमत म्हणजे याच परिषदेत गोऱ्यांच्या वर्णद्वेषावर याच माणसाने असं सुनावलं की अमेरिकेचा पोपट म्हणणाऱ्यांचीही अडचण झाली असेल. शाळेत आपल्याला बांडुंग म्हणजे नेहरू एवढंच शिकवतात. रोमुलोंनी मात्र घरी जाऊन पुस्तक काढलं आणि त्यात नेहरू किती हट्टी आणि चिडके वागले ते नोंदवून ठेवलं. भांडणात शेवटचा शब्द हवा असेल तर प्रकाशक गाठा.

आणि आता मुख्य धडा, टिकायचं कसं. केझोनपासून इमेल्डाबाईंचे यजमान मार्कोस यांच्यापर्यंत आठ राष्ट्राध्यक्ष आले आणि गेले, हा माणूस कुठल्या ना कुठल्या पदावर आहेच. मधे काही वर्षं फिलिपिन्स विद्यापीठाचे प्रमुख, मग १९६८ च्या शेवटी मार्कोसनी परराष्ट्र खातं दिलं. सप्टेंबर १९७२ मध्ये मार्शल लॉ लागला. वर्तमानपत्रांना टाळं, संपादक आणि पत्रकार तुरुंगात, आणि परराष्ट्रमंत्री कोण, तर पुलित्झरवाला पत्रकार, १९४८ च्या जिनिव्हातल्या माहिती-स्वातंत्र्याच्या परिषदेचा अध्यक्ष! तुम्ही नवखे असाल तर राजीनामा द्याल. राजीनामा हा हौशी लोकांचा खेळ. मुरलेला माणूस फाइल पुढे ओढतो आणि म्हणतो, मी आत आहे म्हणून निदान एवढं तरी आहे. हे वाक्य पाठ करा, कुठल्याही ऑफिसात चालतं, मी स्वतः एका बारीकशा नोकरीत तीन वर्षं चालवलंय. १९७५ मध्ये मार्कोस बीजिंगला जाऊन चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्यासोबत राजनैतिक संबंधांच्या कागदावर सह्या करून आले, तेव्हाही परराष्ट्रमंत्री हेच, जन्मभर कम्युनिझमविरुद्ध घसा कोरडा केलेले.

२१ ऑगस्ट १९८३ ला मार्कोसचे विरोधक बेनिग्नो अकिनोंना मनिलाच्या विमानतळावर गोळी घातली गेली. रोमुलो १९८४ च्या सुरुवातीला निवृत्त झाले, वय पंच्याऐंशीच्या पुढेमागे. पुढच्या वर्षी डिसेंबरात गेले आणि त्यानंतर दोनच महिन्यांत लोकांनी मार्कोसला पळवून लावलं. म्हणजे नववा राष्ट्राध्यक्ष, तोही अकिनोंचीच बायको, थोडक्यात हुकला.

लेटेला पालो गावी त्या लँडिंगचे पुतळे आहेत, तळ्यात उभे, माणसापेक्षा चांगले मोठे, मॅकआर्थर पुढे आणि मागच्यांत रोमुलोही. कधी गेलात तर वाकून बघा, पाणी फार खोल ठेवलेलं नाही.