कॅम्प्रियानीने बिंद्राचं पदक पळवलं म्हणे!

इटलीचा नेमबाज निकोलो कॅम्प्रियानी याचा फोटो लावून एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात म्हटलंय, रिओ ऑलिंपिकमध्ये युरोपियन पंचांनी त्याला झुकतं माप दिलं म्हणून अभिनव बिंद्राचं पदक गेलं. त्याचं दुसरं सोनं निव्वळ नशिबाचं. जाड जॅकेट घालून उभं राहायचं, हा काय खेळ. आणि रिओनंतर गडी गायब. माझी भाची कोल्हापुरात एअर रायफल शिकते. तिच्या मोठ्या काकांनी तिला हे पाठवलं, वर शेरा: 'यात काही राम नाही, अभ्यासाला लाग.' नाहीतर असल्या कचऱ्याला उत्तर देत कोण बसतं!

पंचांचं आधी घेऊ. रिओचं अधिकृत निकालपत्रक कुणालाही उघडून बघता येतं. २०१६, १० मीटर एअर रायफल, अंतिम फेरी. सोळा शॉट झाले तेव्हा बिंद्रा आणि युक्रेनचा सेरही कुलिश दोघेही १६३.८ वर. शूट-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवणाऱ्या जादा शॉटमध्ये, कुलिशचा १०.५, बिंद्राचा १०.०. बिंद्रा चौथा. कॅम्प्रियानी या झटापटीत नव्हताच, तो दोघांच्याही पुढे होता आणि शेवटी २०६.१ गुणांवर सोनं घेऊन गेला. बरं, माप झुकवणार कसं? टार्गेट इलेक्ट्रॉनिक असतं. साडेचार मिलिमीटरचा छर्रा कुठे लागला हे यंत्र दशांशात सांगतं आणि आकडा लगेच पडद्यावर येतो. मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पंच काय बोटाने छर्रा सरकवणार?

नशिबाचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. ते दुसरं सोनं रिओतच, ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात. तिथे शेवटच्या शॉटआधी रशियाचा सर्गेई कामेन्स्की पुढे होता. कॅम्प्रियानीने ९.२ मारला, म्हणजे त्या पातळीला वाईटच. पण कामेन्स्कीचा ८.३ पडला. ४५८.८ विरुद्ध ४५८.५! मग २०१२ साली लंडनला याच प्रकारात मिळालेल्या सोन्याचं काय? आणि याच प्रकारात आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून कांस्य आणलं, तेही नशीबच का, काका?

जॅकेट ताठ असतं, हो. त्याची जाडी आणि ताठरपणा मोजून तपासतात. ते घालून, साडेपाच किलोपर्यंतची रायफल धरून साठ शॉट मारून दाखवा, मग बोलू.

राहिला 'गायब'. रिओनंतर निवृत्त होऊन त्याने स्वित्झर्लंडमध्ये, लोझानला, निर्वासितांना नेमबाजी शिकवली. कधी रायफलला हात न लावलेल्यांना, अगदी पहिल्यापासून. त्यातली इरिट्रियाची लूना सोलोमन टोकियो ऑलिंपिकमध्ये निर्वासित संघाकडून एअर रायफलला उतरली. इटलीत फुटबॉलवाल्यांइतकं त्याला कुणी ओळखत नसेल, तेवढं सोडून देतो.