दर्याई नारळाच्या त्या मेसेजबद्दल, कारण आता विषय विंचवापर्यंत गेलाय

आठ दिवसात तोच मेसेज मला चार ग्रुपवर आला. दर्याई नारळ, म्हणजे आपल्या म्हाताऱ्या माणसांचा जहरी नारळ, तो म्हणे समुद्राच्या तळाशी उगवतो, शंभर वर्षांतून एकदाच फळतो, पाण्यात तरंगला की असली समजायचा, अन् उगाळून पाजला की विंचवाचं विष उतरतं. खाली विकणाऱ्याचा नंबर. चांगली शिकलेली माणसं पुढं पाठवायलेत म्हणून लिहायलोय.

पहिलं, समुद्राचा तळ. हे जुन्या काळी सगळं जगच मानायचं, कारण झाड कुणी बघितलंच नव्हतं, लाटांसोबत मालदीवच्या किनाऱ्याला या नारळाची नुसती कवटी लागायची अन् तिथला राजा ती स्वतःकडं जमा करून घ्यायचा. 1768 मधे फ्रेंच लोकांना हिंदी महासागरातल्या सेशेल्सच्या प्रालँ बेटावर याचं जंगलच सापडलं. ताडाच्या खानदानातलं साधं जमिनीवरचं झाड आहे, रानात उगवतं ते फक्त दोन बेटांवर, प्रालँ अन् क्युरियूज. तिथली माती लई हलकी, पण याची पानं पन्हाळासारखी दुमडलेली असतात, पावसाचं पाणी अन् त्याच्यासोबत वाळका पालापाचोळा बरोबर बुडाशी आणून टाकतात. झाड स्वतःचं खत स्वतःच गोळा करतं बघा. मला तर हे मेसेजमधल्या चमत्कारापेक्षा मोठं वाटतं.

तरंगण्याची टेस्ट तर उलटीच आहे. ताजं बी 15-18 किलोपर्यंत भरतं, जगातलं सगळ्यात मोठं बी, ते पाण्यात दगडासारखं बुडतं. तरंगतं ते आतून सडून पोकळ झालेलं, ज्याच्यातून कधीच कोंब येणार नाही.

शंभर वर्षांचं म्हणाल तर हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधे 1894 ला याचं बी लावलं होतं, त्या झाडाला फुलायला 94 वर्षं लागली, तिथून गोष्ट फिरली असेल. किंवा श्रीताडाशी घोळ झाला असेल, ज्याचं बजरबट्टू आपण लेकराच्या मनगटाला बांधतो, ते झाड आयुष्यात एकदाच फुलतं अन् मरतं. दर्याई नारळाचं तसं नाही, मादी झाड वर्षानुवर्षं फळतं, फक्त एक फळ पिकायला 6-7 वर्षं घेतं.

आता विष. हा समज मेसेजवाल्याचा नाही, लई जुना आहे, नावातच जहर आहे. फकिराच्या हातातलं काळं कश्कूल, म्हणजे भिक्षेचं भांडं, याच कवटीचं, त्यातलं अन्न बाधत नाही म्हणायचे. युरोपातले राजेसुद्धा याचे प्याले करून घ्यायचे. श्रद्धा ज्याची त्याची, मी त्याला हात लावत नाही. पण भुईमूग काढताना बाईला लाल विंचू चावला, घामाने अंग भिजलं, उलट्या सुरू झाल्या, अन् घरचे सहाण शोधत बसले तर माणूस हातचं जातं. त्यावर प्राझोसिन नावाचं औषध आहे, अन् ते वापरून शेकडो जीव वाचवले ते आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी, महाडला राहून. 2022 ला पद्मश्री मिळाली. आपल्याच मातीतल्या माणसानं हे करून दाखवलं अन् आपण हे मेसेज फिरवायलोत, याचा मला खरंच त्रास होतो. विंचू चावला की सरळ सरकारी दवाखाना गाठा.

आणि या झाडाचा खरा उपयोग काय होता ते मेसेजमधे एक ओळ नाही. बेटावरची माणसं पानांनी घरं शाकारायची, टोपल्या-टोप्या विणायची, कोवळ्या पानावरची लव गादी-उशीत भरायची, खोड पोखरून पाण्याचे पाट करायची, कवटीत पाणी ठेवायची. आज हे झाड धोक्यातल्या यादीत आहे, बी चोरून नेतात म्हणून तिथं सरकारी नंबर अन् परवान्याशिवाय विकायला बंदी आहे. मेसेजवाल्याला तो नंबर मागून बघा. मी मागितला, त्यानं ब्लॉक केलं.

आमच्या आज्जीच्या बाळगुटीच्या डबीत याचा एक तुकडा होता. दोन वेढे उगाळायची, लेकराला बोटानं चाटवायची, बस. माझे वडील, आम्ही चौघं, चुलत्याची पोरं, सगळ्यांना तेवढाच तुकडा पुरला. आता तो चिंचोक्याएवढा उरलाय, एका बाजूनं उगाळून गुळगुळीत. परवा भावजय म्हणाली मेसेजवरून नवीन मागवू का, मी म्हणलं नको, हाच राहू दे डबीत.