सही खरी आहे, बाकीचं तुमचं तुम्ही बघा

नवऱ्याला नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला नोकरी लागली, पेढे वाटून होईपर्यंत कंपनीचा मेल आला की बायकोचा जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला दोन्ही अपोस्टील करून आणा, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून आपल्या सरकारचा शिक्का मारून. शेजारच्या काकांना ती तपासणी वाटली, मिरजेत कुठल्याही हॉस्पिटलात होईल म्हणाले.

पहिली अडचण माहेरातच निघाली. आमचं घर सांगलीच्या गावभागात. २००५ ला कृष्णेचं पाणी आत आलं, २०१९ ला परत आलं, तेव्हापासून पप्पांनी दिसेल तो कागद लॅमिनेट करायचा सपाटा लावलाय, गॅसचं पुस्तकसुद्धा सुटलं नाही. आणि एजंट म्हणतो लॅमिनेट केलेलं चालत नाही, शिक्का कुठं मारायचा? म्हणजे पुरातून वाचलेले कागद प्लॅस्टिकमधून काही वाचले नाहीत. कमाल म्हणजे अपोस्टीलचा करार भारतात लागू झाला १४ जुलै २००५ ला आणि पूर आला त्याच पावसाळ्यात, इकडे लोक दोरीवर दाखले वाळत घालत होते तेव्हा ह्या नियमाचं कुणाला काय पडलेलं असणार.

लग्नाचा दाखला नवीन काढला, तो निघाला बिचारा. जन्माचा मात्र... पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे मी सांगलीची असून नोंद आजोळी, विट्याजवळच्या गावात. त्यात नावाच्या रकान्यात नुसती रेघ, कारण जन्माची नोंद आजोबांनी लगेच केली आणि बारसं झालं नंतर, परत रजिस्टर कोण उघडतंय. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "ताई, ह्यात पोरगी झालीया एवढंच हाय बघा. ती तुम्हीच कशावरनं?" प्रश्न चुकीचा नव्हता म्हणा. आजी सोबत होती, ती म्हणाली, "मी हुते की तिथं. जावळ केवढं हुतं ते बी सांगते." पण डोळ्यांनी बघितलेल्या माणसापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला मोठा, जो मुळात शाळेत नाव घालताना आजोबांनीच तोंडी सांगितलेल्या तारखेवर बनलाय. जन्माच्या नोंदीत नाव घालायची मुदत असते पंधरा वर्षं, सरकार ती अधूनमधून वाढवतं म्हणून निभावलं. पुरावा म्हणून आजीच्या आधारकार्डाची झेरॉक्स मात्र ठेवून घेतली.

मग महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई, मंत्रालयाचा शिक्का, तिथून परराष्ट्र मंत्रालय. त्यांची फी कागदामागे फक्त ५० रुपये, पण तिथपर्यंत पोचायला एजंट, तिकीट, वडापाव, रजा असं सगळं धरलं तर मी आकडा सासूबाईंना अजून सांगितलेला नाही. शेवटी दाखल्याच्या पाठीवर तो स्टिकर आला. वर फ्रेंचमध्ये नाव, ५ ऑक्टोबर १९६१ ची तारीख, खाली दहा नंबरी रकाने. हा करार झाला हेगला, म्हणजे नेदरलँड्समध्येच, त्यांच्याच घरचं कार्य.

रात्री नीट वाचत बसले तर कळलं की ह्यात माझ्या जन्माबद्दल एक अक्षर नाही. स्टिकर एवढंच सांगतो की आधीच्या साहेबाची सही आणि शिक्का खरा आहे. मंत्रालयातल्या साहेबांनी सांगितलं की त्याच्या आधीच्या साहेबाची सही खरी. मजकुराची जबाबदारी कुणाचीच नाही. हे आपल्याकडच्या स्थळाच्या चौकशीसारखं झालं, मध्यस्थ चांगला आहे हे एकाने सांगायचं, तो एक चांगला आहे हे दुसऱ्याने, मुलगा कुणीच बघितलेला नाही.

आइंडहोव्हनच्या नगरपालिकेतली बाई फार गोड होती. तिने कागद उलटा केला, स्टिकर बघितला, काहीतरी टाइप केलं, कागद परत दिला. पुढच्या बाजूला ढुंकूनही पाहिलं नाही, जिथं ते नाव घालायला मी एवढी पायपीट केली.

आजीला व्हिडिओ कॉल करून सांगितलं, झालं एकदाचं. तिने विचारलं, "कुणाची कोण इचारलं न्हाई?"

"नाही गं, मागचं पान बघितलं फक्त."

"मग त्या भाऊसाहेबाला सांग माझ्या आधारकार्डाची झेराक्स परत द्यायला."