मान हलली की संमती

विधी शाखेचं शेवटचं वर्ष. मूट कोर्टाची, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्यांच्या स्पर्धेची, ढाल घरी आलेली, ‘मिलॉर्ड’ म्हणताना जीभ अडखळत नाही. म्हणजे सत्तरी ओलांडलेला पक्षकार हाताळायला तुम्ही तयार झालात. प्रश्नपत्रिकेत म्हातारा माणूस भेटतो तो बहुधा मृत्युपत्र करून मेलेलाच. जिवंत आला तर काय, एवढंच सांगतो.

आधी पक्षकार ओळखा. दोघे येतील. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात गाडीची किल्ली. किल्लीवाला आपला, फी तोच देणार. त्याला ‘जरा बाहेर बसता का?’ असं विचारायचा आगाऊपणा करू नका. आजोबा एकटे सापडले की भलतंच बोलतात. ‘मला नाही करायचं हे,’ असंसुद्धा.

बोलायचं ते संगणकाकडे बघत, भरभर. ऐकू गेलं नाही तर तेच वाक्य दुप्पट जोरात म्हणा, बाहेर बाकावर बसलेल्यांनाही घरची भानगड कळू दे. बरा कान कोणता, हे विचारायला आपण काय कानाचे डॉक्टर आहोत? आजोबा मान हलवतील. मान हलली की संमती. (ऐकू न आलेला माणूसही मान हलवतो, पण हे परीक्षेला नाही.)

मग बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये. मृत्युपत्र केलं तर घर शेवटपर्यंत त्यांचंच राहतं, शिवाय हवं तेव्हा बदलता येतं, हे सांगून उगाच रंगाचा बेरंग करू नका. ‘मुलगा सांभाळ करील’ ही अट दस्तात घालायचा मोह तर टाळाच. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ त्या अटीवरच उभं आहे. सांभाळ झाला नाही, तर दस्त रद्द होऊ शकतो. अशी अट नव्हती म्हणून २०२२ मध्ये एक आई सर्वोच्च न्यायालयात हरली. २०२५ मध्ये दुसरीला मात्र घर परत मिळालं, कारण त्या शहाण्या बाईकडे मुलाचं सांभाळाचं वेगळं वचनपत्र होतं. अशा बायकांपासून सावध राहा. अटीची ओळ एकच असते, पण टाइप कोण करणार!

तीन वर्षांनी आजोबा पुन्हा येतील. एकटे, रिक्षाने, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. तेव्हा त्याच कायद्यातलं कलम १७ दाखवा: सांभाळाचे अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे वकील नको, असं कायद्यातच छापलं आहे. केरळ उच्च न्यायालयाने ते २०२१ मध्ये अवैध ठरवलं, पण केरळ कुठे, आपण कुठे! अर्ज स्वतः करा म्हणावं, प्रांतसाहेबांकडे. निर्वाहभत्ता महिना १०,००० पर्यंतच, हेही सांगून टाका.

जाता जाता ते विचारतील, ‘त्या दिवशी मी सही केली, ते नेमकं काय होतं?’

नक्कल मिळते म्हणावं, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात. दुसरा मजला, लिफ्ट बंद आहे.